बूट काढ, मोजेही

मंगळवारी सकाळच्या बोटीनं एइनर येतो,
लेसो बेटावरून, दीड तास हेलकावत,
आणि दवाखान्याच्या उंबऱ्यावर जरा थांबतो :
जमीन हलायची थांबली का, बघून घेतो.

वय एकाहत्तर. धंदा छपरं शाकारायचा.
पेंढ्यानं नव्हे. वादळानंतर किनाऱ्याला लागलेलं
समुद्रगवत वाळवून, दोरासारखं पिळून,
हातभर जाड, करडं छप्पर,
दीडशे वर्षं टिकतं म्हणतो.

"छपरावरून नाही पडलो," हे तो आधीच सांगतो,
"स्वयंपाकघरात पडलो. कॉफीचा डबा काढताना."
लाज त्याला पडल्याची नाही,
इतक्या कमी उंचीवरून पडल्याची.

बूट काढ, म्हणते मी. मोजेही.
(डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक.)
पाय जुळव. आता डोळे मीट.

घोट्यांमध्ये लगेच धावपळ सुरू होते,
अंधारात घरातली माणसं
एकमेकांना हाका मारत काडेपेटी शोधतात, तशी.
चार. पाच. सहा.
मग अख्खा माणूस उजवीकडे कलतो
माझ्या तयार हातांत.

तू डोळ्यांच्या आधारानं उभा होतास, मी सांगते.
पायांचं आत कुणी ऐकतच नव्हतं.

मान डावीकडे निम्मीच वळते.
चाळीस वर्षं त्याच खांद्यावर भारा,
तेव्हा डोक्यानं जी जागा करून दिली
ती परत मागितलीच नाही.

लोकांना वाटतं, मी हाडं जागेवर बसवते.
हाडं जागा सोडून जातील कुठं?
ती रुसतात. हलायचं सोडतात.
मी फुगलेलं दार ढकलावं तसं ढकलते, बेतानं.
कट्.
हा आवाज हाडाचा नव्हे,
सांध्यातल्या पाण्यातला बुडबुडा.
तरी एइनर दरवेळी छताकडे बघतो,
वरची तुळई तडकली की काय.

डोकं कुठं आहे याची खबर
मानेतले खोल, बारीक स्नायू देतात.
खबर चुकली की मान एक म्हणते, कान दुसरं,
डोळे तिसरंच काही,
आणि तिघांच्या भांडणात माणूस
डब्यासकट आडवा.

"मग होईन बरा?"
मान मोकळी होईल, म्हटलं.
तोलाचं वचन देणाऱ्याकडे मी स्वतः जाणार नाही.
कानाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली.
रोज दात घासताना एका पायावर उभं राहायचं,
एक हात बेसिनला.

"आणि शिडी?"
मी कीबोर्डकडे बघत राहिले.
माझ्या फॉर्मवर तो प्रश्न नाही,
शिडी कोण धरतं, हा.

त्यानंच सांगितलं : आस्ता धरायची.
वर असताना मी खाली बघायचो नाही कधी.
पण भट्टीतला पाव बघायला ती आत गेली
की तळव्यांना कळायचं.

यावर मी काही लिहिलं नाही.
खुर्ची सरकवून दिली, मोजे घालायला.

सहाव्या मंगळवारी चौदा सेकंद.
मान बरीच वळते; बोटीवर आता
दोन्ही बाजूंचे पक्षी दिसतात म्हणाला.
उजवीकडे कलणं गेलेलं नाही,
कमी झालंय. कशानं, ते मला विचारू नका :
माझ्या हातांनी, बेसिनपाशच्या सरावानं,
की शेजारचा माल्टे आता शिडीपाशी उभा असतो म्हणून.
दोनच पायऱ्या चढलो, म्हणाला. शपथेवर.
त्याच्या बाहीला मात्र समुद्रगवताचा तुकडा होता,
अगदी वरच्या, आढ्यापाशी वापरतात त्या जाड पिळाचा.

संध्याकाळी दार लावलं,
दिवा मालवला, बूट काढले. मोजेही.
एक पाय उचलून डोळे मिटले.

आठ.
मग हात भिंतीला लागला.
माझं वय सेहेचाळीस. अजून कुणाला सांगितलेलं नाही.